गोड पेल्यातला हिशेब

पाऊस मागे हटला आणि भातकापणीची लगबग सुरू झाली, की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटनाचा हंगाम उघडतो. घरगुती निवासांच्या खोल्या दिवाळीच्या सुटीत भरून जातात. रात्री अंगणात खुर्च्या मांडल्या जातात, तळलेल्या सुरमईचा वास सुटतो आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी मोबाइलवर पाहिलेली नवी कृती करून दाखवतो. अलीकडे या कृतींमध्ये एक प्रकार हमखास दिसतो : परदेशी शरदातले, म्हणजे पानगळीच्या दिवसांतले कॉकटेल. व्होडका, सायडर, दालचिनीची कांडी, बर्फ. पाच मिनिटांत तयार, कुणालाही जमेल, असे त्याचे वर्णन असते. ते खोटे नाही. मिसळणे खरोखरच सोपे आहे. किती प्यायले गेले हे कळणे मात्र सोपे नाही, आणि आरोग्याचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

गोंधळ पहिल्याच शब्दापासून आहे. ‘सायडर’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या बाटल्या येतात. अमेरिकेत सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ, ताजा रस. त्यात मद्यार्क नसतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सायडर म्हणजे तोच रस आंबवून केलेले मद्य. त्यात साधारण ४ ते ८ टक्के मद्यार्क असतो. आणि भारतातल्या औषधाच्या दुकानात ‘अ‍ॅपल सायडर’ मागितले, तर हातात येते ते व्हिनेगर, म्हणजे आंबण्याची क्रिया आणखी एक पायरी पुढे गेलेले आम्ल. शरदातल्या कॉकटेलच्या बऱ्याचशा कृती अमेरिकेतून येतात. त्यातला सायडर हा निव्वळ फळांचा रस असतो. ती कृती कुडाळ किंवा मालवणातल्या घरात करताना कोणी सायडर म्हणून आंबवलेल्या सायडरची बाटली ओतली, तर व्होडकात रस मिसळला जात नाही. मद्यात मद्य मिसळले जाते. चव मात्र दोन्ही वेळा गोडच लागते.

तीस मिलिलिटरचे गणित

हा फरक किती मोठा आहे, ते साध्या आकडेमोडीतून दिसते. जागतिक आरोग्य संघटना मद्याचे मोजमाप शुद्ध मद्यार्काच्या ग्रॅममध्ये करते. १० ग्रॅम म्हणजे एक प्रमाण-पेय. भारतात मिळणाऱ्या व्होडकात सहसा ४२.८ टक्के मद्यार्क असतो. त्यामुळे ३० मिलिलिटर व्होडका, म्हणजे एक छोटा पेग, म्हणजे जवळजवळ बरोबर १० ग्रॅम. घरी पेला भरताना मापाचे भांडे क्वचितच वापरले जाते. हात सैल असतो आणि ६० मिलिलिटर सहज ओतले जाते. हे झाले २० ग्रॅम. त्यात ५ टक्क्यांच्या सायडरची ३३० मिलिलिटरची बाटली घातली, की आणखी १३ ग्रॅम. एकूण ३३ ग्रॅम. पिणाऱ्याच्या हिशेबी तो ‘एकच पेला’ असतो. यकृताच्या हिशेबी ती तीनाहून अधिक पेये असतात.

यकृत हे काम आपल्या गतीने करते. सर्वसाधारण प्रौढाचे यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम मद्यार्क हातावेगळा करते. म्हणजे या एका पेल्याला साडेतीन ते पाच तास लागतात. लिंबू, काळा चहा, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते, नशा उतरत नाही. फक्त नशेत असलेला माणूस जागा राहतो.

वाहन चालवण्याचे गणित याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असणे हा गुन्हा आहे. साठ किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी ६० मिलिलिटर व्होडका घेतली, तर हे प्रमाण अंदाजे ४५ ते ५० पर्यंत जाऊ शकते. सायडरसह तो पेला ७५ च्या आसपास नेतो. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला एक छोटा पेगही मर्यादेपाशी आणून ठेवतो, कारण शरीरातल्या पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तोच मद्यार्क रक्तात अधिक दाट होतो. हे आकडे ढोबळ आहेत. जेवण, वय, औषधे यांनी ते बदलतात. पण आंबोली घाट उतरणाऱ्याने किंवा रात्री मुंबई-गोवा महामार्गाला लागणाऱ्याने त्यातून घ्यायचा निष्कर्ष एकच आहे : गाडी चालवायची असेल, तर पेला नको.

जीभ फसते कशी

मद्यार्क झोंबतो. मिरचीचा तिखटपणा जिभेवरच्या ज्या संवेदकाला जागा करतो, त्यालाच मद्यार्कही डिवचतो. ही जळजळ म्हणजे शरीराने दिलेली सूचनाच असते. साखर, आंबटपणा आणि बर्फ हे तिन्ही मिळून ती सूचना दाबतात. गोडी कडवटपणा झाकते, गारवा जळजळ मंदावतो, दालचिनीचा वास नाकाला दुसरीकडे वळवतो. व्होडकाला स्वतःचा वास आणि रंग जवळजवळ नसतो. म्हणूनच ती कॉकटेलसाठी निवडली जाते. चांगले कॉकटेल म्हणजे ज्यात दारू लागत नाही ते, अशी त्याची तारीफ होते. त्या तारिफेचा वैद्यकीय अर्थ असा, की मोजमाप करणारी शेवटची यंत्रणाही बंद पडली आहे.

पुढचा भाग पोटात घडतो. मद्यार्काचे बहुतेक शोषण लहान आतड्यात होते. पोट भरलेले असेल तर तो जठरात रेंगाळतो आणि हळूहळू रक्तात उतरतो. रिकाम्या पोटी तो झपाट्याने चढतो. जेवणाआधी, गप्पांच्या ओघात, तहान लागलेली असताना घेतलेला गार गोड पेला नेमका रिकाम्या पोटी जातो. शिवाय त्यातली साखर वेगळीच. सफरचंदाच्या २०० मिलिलिटर रसात साधारण २० ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममागे ७ कॅलरी. व्होडका आणि रसाचे दोन पेले म्हणजे साडेचारशेच्या वर कॅलरी, आणि भूक मात्र तशीच.

मधुमेहींसाठी हा पेला दुहेरी फसवा आहे. सुरुवातीला रसामुळे साखर वर जाते. नंतर यकृत मद्यार्काच्या मागे लागल्याने रक्तात साखर सोडण्याचे त्याचे नेहमीचे काम मागे पडते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर मध्यरात्री किंवा पहाटे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणे नशेसारखीच दिसतात आणि घरचे ‘झोपू दे’ म्हणून सोडून देतात. झोपेच्या गोळ्या, सर्दी-अ‍ॅलर्जीवरची गुंगी आणणारी औषधे, जुलाबांवर सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल यांच्याबरोबरही मद्य टाळायचे असते. गरोदरपणात तर सुरक्षित अशी कोणतीच मात्रा ठरवता आलेली नाही.

बोंडू, माडी आणि जुनी मर्यादा

‘कोकणात पूर्वापार पितातच की’ हा युक्तिवाद इथे हमखास येतो. त्याकडे दुर्लक्ष करू नये. तो नीट तपासावा. सफरचंदाचा रस आंबून सायडर होतो, तसाच काजूच्या बोंडूचा रस आंबतो. कोकणच्या उकाड्यात त्याला एखादा दिवस पुरतो. सीमेपलीकडे गोव्यात हा आंबलेला रस भाटीवर चढवून पहिल्या उतारात हुर्राक मिळते, साधारण १५ टक्क्यांची. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी, ४२ टक्क्यांच्या वरची. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नारळाची माडी ऊर्ध्वपातन न केलेली, साधारण ४-५ टक्क्यांची.

या जुन्या पेयांनी कोणाचे संसार मोडले नाहीत, असे कोणी म्हणू नये. पण त्यांच्यात काही नैसर्गिक अडसर होते. माडी सकाळी गोड असते आणि संध्याकाळपर्यंत आंबते. ती साठवता येत नाही. हुर्राक मार्च ते मे या दिवसांपुरती. दोहोंना उग्र वास, त्यामुळे घरात लपून राहत नाही. १० ग्रॅम मद्यार्क पोटात जायला माडीचा पाव लिटरचा पेला रिचवावा लागतो; व्होडकाचे दोन मोठे चमचे पुरतात. बारमाही मिळणारी, वास नसलेली, ४२ टक्क्यांची बाटली आणि वर गोड रस, या जोडीने ते सगळे अडसर एकदम काढून टाकले आहेत. म्हणून आजोबांच्या माडीचा दाखला नातवाच्या कॉकटेलला लागू पडत नाही.

घरी मिसळणे आणि घरी गाळणे यांतही गल्लत होऊ नये. घरी भाटी लावणे बेकायदा आहे आणि कुठून आली ते ठाऊक नसलेली सुटी दारू जिवावर बेतू शकते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक जणांचा बळी घेतला. कारण होते मिथेनॉल. मिथेनॉलला वेगळी चव नसते, गोड रसात तर तो अजिबात ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि आधी दृष्टी, मग प्राण जातो. कायद्याचे भानही हवे : महाराष्ट्रात व्होडकासारखे कडक मद्य घेण्याचे किमान वय २५ आहे, मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि गोव्यातून स्वस्त म्हणून विनापरवाना आणलेली बाटली इन्सुलीच्या नाक्यावर गुन्हा ठरते.

ऋतूच वेगळा

पानगळीचे कॉकटेल थंड देशांत जन्मले, कारण तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदे उतरतात आणि हवा गार होऊ लागते. सिंधुदुर्गातला शरद अगदी उलटा. पावसाचा ओलावा जमिनीत आणि डोक्यावर ऑक्टोबरचे ऊन. घाम सुकत नाही. आयुर्वेदाने या ऋतूत पित्ताचा प्रकोप सांगितला आहे आणि ‘अष्टांगहृदया’तल्या ऋतुचर्येत शरदात टाळायच्या गोष्टींमध्ये ऊन आणि दिवसा झोपणे यांच्याबरोबर तीक्ष्ण मद्यही आहे. आधुनिक शरीरशास्त्र वेगळ्या भाषेत त्याच दिशेला बोट दाखवते. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगणारे संप्रेरक मद्यार्क दाबतो, त्यामुळे लघवी वाढते. दिवसभर घामाने आटलेल्या शरीरातून आणखी पाणी जाते. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीत या कोरडेपणाचाही वाटा असतो.

आणि मग समुद्र. तारकर्ली, देवबाग, चिवला येथे आलेला पाहुणा सकाळी पाण्यात उतरतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथले पाणी वरून शांत दिसते, आत ओढ असते. मद्यार्क तोल, प्रतिक्रियेचा वेग आणि धोक्याचा अंदाज हे तिन्ही एकाच वेळी बिघडवतो. बुडून होणाऱ्या मृत्यूंमध्ये तो जगभर वारंवार आढळणारा घटक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबासाठी जाणाऱ्याच्या शरीरात रात्रीचा मद्यार्क उरलेला असेल किंवा शरीर कोरडे पडलेले असेल, तर पाण्याखाली धोका वाढतो. रात्री अकराला संपलेले तीन गोड पेले, म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम मद्यार्क, सकाळी सातला पूर्ण उतरलेले नसतात. हे गणित किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरगुती निवासात माहीत असायला हवे.

कोकम घातल्याने औषध होत नाही

स्थानिक कृतींमध्ये सायडरऐवजी कोकम घालण्याची टूम आहे. कोकम पित्तशामक, म्हणून कोकम-व्होडका ‘तब्येतीला बरी’, असे हसत हसत सांगितले जाते. कोकम गुणी आहे यात शंका नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा आणि आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. पण जठराच्या अस्तराला चिडवणाऱ्या मद्यार्कात कोकम मिसळल्याने मद्यार्काचा गुणधर्म बदलत नाही. बदलते ती फक्त पिणाऱ्याची समजूत.

‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ हा दुसरा दिलासा. तो जुन्या निरीक्षणांवर उभा होता. त्या पाहण्यांमध्ये न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. त्यामुळे बेताने पिणारे तुलनेने निरोगी दिसले. आज चित्र वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातला, म्हणजे निश्चित, कर्करोगकारक ठरवले. मद्यार्काचे शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि ते डीएनएला इजा करते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध आहे. जोडीला तंबाखू असेल तर तोंड-घशाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने स्पष्ट सांगितले, की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. कमी मात्रेत धोका कमी असतो, पण फायदा म्हणून पिण्याचे कारण उरलेले नाही.

पेल्यालाही आकडा हवा

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार मद्याच्या बाटलीवर मद्यार्काचा टक्का आणि आरोग्याचा इशारा छापावा लागतो. बाटलीवरचा हा आकडा पेल्यापर्यंत पोहोचत नाही. कॉकटेलमध्ये तर बाटली दिसतही नाही. म्हणून घरी पेला भरून देणाऱ्यावर एक साधी जबाबदारी येते : मापाने ओतावे आणि पाहुण्याला आकडा सांगावा. ‘यात एक छोटा पेग आहे’ एवढे वाक्य पुरे. ३० मिलिलिटरचे माप भांड्यांच्या दुकानात मिळते. औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले झाकणही चालते. मद्यात मद्य मिसळू नये. भरलेला पेला संपण्याआधी पुन्हा भरू नये, नाहीतर मोजणी तिथेच संपते. आधी जेवण, मध्ये पाणी. कोणी नको म्हटले तर कारण विचारू नये. ते कारण गोळी असू शकते, गरोदरपण असू शकते, मोठ्या कष्टाने सोडलेले व्यसनही असू शकते.

नको म्हणणारा काही अपवाद नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का मद्य घेतात, असे आढळले. म्हणजे देशातले बहुसंख्य प्रौढ पीत नाहीत. तरीही मैफलीत त्यांच्या हाती कोमट शीतपेयाची बाटली दिली जाते आणि सगळी कल्पकता दारूच्या पेल्यावर खर्च होते. हे उलटे करायला हवे, आणि सिंधुदुर्गात ते सहज शक्य आहे. पानगळीच्या कॉकटेलचा सुगंध ज्या मसाल्यांचा, ते इथल्या नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून उभे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ या जाती दिल्या आहेत. हिमाचल-काश्मीरची नवी सफरचंदे याच दिवसांत कणकवली-कुडाळच्या बाजारात येतात.

चार जणांसाठी तीन सफरचंदे सालीसकट किसून, स्वच्छ कपड्यातून रस पिळून घ्यावा. हा गढूळ रस म्हणजेच अमेरिकेतला सायडर. त्यात दोन पेले पाणी, बोटभर दालचिनी, तीन लवंगा, ठेचलेल्या आल्याचा तुकडा आणि चार आमसुले घालून दहा मिनिटे उकळावे. उकळणे टाळू नये : १९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूची बाधा पसरली होती आणि त्यात एका बालकाचा मृत्यू झाला होता. उतरवल्यावर गाळून थंड करावे, जायफळ किंचित किसावे, गूळ हवाच असेल तर चमचाभर. आगळाऐवजी आमसूल अशासाठी, की आगळात मीठ भरपूर असते आणि रक्तदाब असलेल्यांना ते सोसत नाही. त्याच दिवशी संपवावे. कोकणच्या हवेत बाहेर ठेवलेला रस दुसऱ्या दिवशी आंबू लागतो.

मार्च-एप्रिलमध्ये हेच काम बोंडू करू शकतो. त्यात संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असते. घशाला खाजवणारे त्याचे टॅनिन तांदळाच्या पेजेने किंवा शिजवलेल्या साबुदाण्याच्या पाण्याने खाली बसवता येते. तरीही बी काढून घेतल्यावर जिल्ह्यातले बहुतांश बोंडू बागेतच कुजतात. सीमेपलीकडे त्यांची फेणी होते म्हणून हळहळणाऱ्यांनी त्यांच्या सरबताकडेही तेवढ्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. पर्यटकाला कोकणचा स्वाद हवा असतो, आणि तो व्होडकात नसतो. व्होडकाला स्वादच नाही. पेल्यात जे काही छान लागते ते सगळे फळाचे आणि मसाल्याचे असते.

ज्याला पिणे सोडायचे नाही त्याला निदान आकडा कळावा, आणि ज्याला प्यायचे नाही त्याला तितकाच देखणा पेला मिळावा. एवढ्यासाठी कायदा लागत नाही, खर्चही येत नाही. ३० मिलिलिटरचे एक माप आणि दालचिनीचे एक कांडे घरात असले की पुरते.